तारमास्तरांची कोरडी होडी

होडीला कुणी हात लावू नका, एवढंच तारमास्तरांचं म्हणणं होतं. म्हणणं साधं होतं, सभ्य होतं, त्यात कुणाचा अपमान नव्हता. पण खाडीकाठच्या माणसाला होडीला हात लावू नको म्हणून सांगणं म्हणजे जेवायला बसवून पानाकडे बघू नको म्हणण्यातला प्रकार. इथला माणूस बोलायला उभा राहिला की त्याचा हात आपोआप जवळच्या होडीवर जातो. होडी नसेल तर माडावर जातो. हात नुसते लोंबकळत ठेवून बोलणारा माणूस या काठावर अजून जन्माला यायचा आहे.

तारमास्तर म्हणजे भिकाजी. तारखात्यातून पेन्शनीत निघून गावी येऊन राहिलेले. माणूस सज्जन, पण तंद्रीचा. सकाळी कपबशी घेऊन मागल्या दारी खाडीकडे बघत बसले की चहावर साय धरे, साय सुके, शेवटी त्यांची बायको सुभद्राबाई येऊन कप काढून नेई, तरी मास्तरांची बोटं कपाचा कान धरल्यासारखी तशीच राहत. गावात सगळे म्हणत की मास्तरांच्या हातून काही व्हायचं नाही. मास्तरांना ते ऐकू येई. त्यांना वाईट वाटे, आणि वाईट वाटता वाटता ते पुन्हा खाडीकडे बघत राहत.

बघण्यासारखी खाडी होतीच म्हणा. दुपारी भरती आली की पाणी आणि आभाळ यांच्यातला फरक कळेनासा होई आणि पलीकडचं देवबाग मधल्या मध्ये तरंगत असल्यागत दिसे. देवबागला सुभद्राबाईंचं माहेर. त्यांच्या भावाच्या, बाबली तांडेलाच्या घराचा धूर मास्तरांच्या मागल्या दारातून दिसायचा. पण तिथं जायचं तर बांधाबांधाने तरीपर्यंत, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीपर्यंत, चालत जा, चिखलातून तरीत चढा, पलीकडे पुन्हा वाळू तुडवा. सुभद्राबाईंचे गुडघे गेल्या दिवाळीपासून रुसले होते. तेव्हापासून माहेर म्हणजे धूर.

"आज धूर उशिरा निघालो," संध्याकाळी डोळ्यांवर हात धरून त्या म्हणत. "वैनीक बरा नसतला."

एका संध्याकाळी मास्तर तंद्रीतून जागे झाले आणि म्हणाले, "मी तुका न्हेतंय. आपल्या दारातून, आपल्या होडयेन. मी वल्हवतंय."

हे जर दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर हसून हसून पडवीत लोळण घेतली असती. सुभद्राबाई हसल्या नाहीत. त्यांनी मास्तरांकडे नीट बघितलं आणि "बरा" म्हणाल्या. त्या एका "बरा"साठी मास्तरांनी समुद्र उपसला असता. आता पाऊस लागून खाडी बंद व्हायच्या आत हिला देवबागला न्यायचं, आणि तेही कुणाचा हात न लागता, स्वतःच्या हातानं केलेल्या होडीतून, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

होडी होती. माडांखाली उपडी पडलेली एक जुनी लहान होडी मास्तरांनी पदरात पाडून घेतली होती. तिच्या एका फळीला मुठीएवढं भोक होतं, बाकी ती ठणठणीत होती. परशुराम मेस्त, ज्याच्या हातून अर्ध्या खाडीच्या होड्या घडल्या, तो म्हणाला, फळी बदलू, कापूस ठासू, राळ घालू. पण मास्तरांना मेस्ताचा हात नको होता. शिवाय त्यांचा पुतण्या महादू मुंबईच्या गोदीत होता, आणि त्यानं येताना एक नवलाची वस्तू आणली होती. दोन नळ्या.

"काका, ह्यो साधो डिंक न्हय," एसटीच्या थांब्यावर महादू गंभीरपणे म्हणाला. "ह्येका एपॉक्सी म्हणतत. दोनय नळ्यांतला एकत्र केलास की दगड होता. पण लाकूड कसा होया? कोरडा होया, खरखरीत होया, आणि तेलाचो वाससुद्धा चलाचो नाय. घासल्यावर बोट लावूचा नाय. आपलासुद्धा."

"कळला कसा, लाकूड तयार झाला ता?"

"पाण्याचो थेंब टाका. पसारलो तर तयार. मोत्यासारखो उभो रवलो तर तेल आसा. आणि काका, एकट्यानच करा. धा जण जमले की धा जणांचे हात लागतत."

एकट्यानं! मास्तरांच्या मनातलं शास्त्रानंच सांगितलं. ते घरी आले ते तरंगतच.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मुंबईच्या महादूला ठाऊक असूनही सुचली नाही. आपल्या काठावरच्या होड्या तेल पितात. माशाचं तेल, वर्षानुवर्षं. माणसाला वासानं भोवळ येईल असं ते तेल होडीला चोळायचं, म्हणजे लाकूड फुगून घट्ट राहतं. मास्तरांच्या होडीनंही जन्मल्यापासून पोटभर तेल प्यायलं होतं. तिला कोरडी करायची म्हणजे जन्माच्या दारुड्याची दारू सोडवण्यातला भाग होता.

मास्तर कामाला लागले. पॉलिशपेपर घेऊन भोकाभोवतीचं लाकूड घासू लागले. खर्र, खर्र. वरून माडाच्या झावळ्यांची सावली हलतेय, खाडी चुळुक चुळुक करतेय, हात आपला चाललाय, आणि मास्तर मनानं देवबागच्या किनाऱ्याला लागलेले. बाबली तांडेल धावत पुढे येतोय, म्हणतोय, "भावजी, तुमी? एकटे?" आणि मास्तर वल्हं बाजूला ठेवून सहज म्हणतायत, "होय, काय झाला?" एवढ्या एका संवादासाठी त्यांनी ते लाकूड दिवसभर पुन्हा पुन्हा घासलं. संध्याकाळी लाकूड पांढरंफेक पडलं. मास्तरांनी थेंब टाकला. थेंब पसरला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. उद्या सकाळी डिंक!

सकाळी थेंब टाकला तर अळूच्या पानावर राहावा तसा उभा.

आता हा तेलाचा हात कुणाचा? पहिला संशय इद्रीसभाईंवर गेला, आणि त्यात काही गैर नव्हतं. इद्रीसभाई शेजारी. त्यांचा खोबरेलाचा घाणा. ते तेल विकत, तेल मोजत आणि तेलाच्या हातानंच सलाम करत. रोज सकाळी ते होडीच्या काठावर बसून गप्पा मारत.

"इद्रीसभाई, तुमी होडयेक हात लावलास?" मास्तरांनी जरा कठोरपणे विचारलं.

"कधी?"

"काल."

"काल लावलंय, परवा लावलंय, आतासुद्धा लावलेलो आसा," इद्रीसभाई हाताकडे बघून म्हणाले. "कित्याक, काय झाला? दुखता तिका?"

मास्तरांनी त्यांना एपॉक्सी समजावून सांगितली. इद्रीसभाईंनी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि "म्हणजे सोवळ्यातलो डिंक म्हणा की!" असं म्हणून समजल्याच्या आनंदात होडीवर थाप मारली. पाचही बोटं उमटली. मग त्यांना इतकं वाईट वाटलं की खांद्यावरच्या फडक्यानं ती पुसायला धावले. ते फडकं घाण्यावरचं होतं.

मास्तरांनी पुन्हा घासलं. पुन्हा थेंब पसरला, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा उभा. मग संशय परशुराम मेस्तावर. मेस्त रागावलेला होताच. तो वाटेवरून जाताना मुद्दाम थांबून ओरडे, "मास्तरांनु, डिंकान पतंग चिकटवतत, होडी न्हय!" मास्तरांनी त्याला तोंडावर विचारलं, तू माझ्या लाकडाला तेल लावतोस का? मेस्त लालबुंद झाला. आपल्या सबंध घराण्यात कुणी फुकट तेल लावलेलं नाही असं त्यानं ठणकावून सांगितलं आणि त्या दिवसापासून मास्तरांशी बोलणं टाकलं.

शेवटी मास्तरांनी होडीभोवती काठ्या पुरून दोरी बांधली आणि पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: "हात लावू नये." मास्तरांची सगळ्या जन्मातली ही सगळ्यात मोठी चूक. तोवर त्या होडीकडे शेजाऱ्यांपलीकडे कुणी बघत नव्हतं. पाटी लागली आणि वरच्या वाडीतली, खालच्या वाडीतली माणसं मुद्दाम येऊन हात लावून बघू लागली की हात लावल्यावर होतं तरी काय. काही होत नाही म्हटल्यावर दुसरा हात लावू लागली. आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी निराळाच अर्थ काढला. दोरी घातलेली, ऊन देऊन पांढरी केलेली, म्हातारा रोज वाकून वाकून घासतो नि पाणी शिंपडतो ती वस्तू देवाचीच असणार. एका सकाळी भोकाशेजारी हळदकुंकू आणि जास्वंद. दुसऱ्या सकाळी फोडलेला नारळ. सोमवारी कुणी तरी तेलाची पणतीच लावून गेलं!

मास्तर पणतीकडे बघत किती तरी वेळ बसून राहिले. ज्योत संथ जळत होती. ती विझवायचा धीर त्यांना झाला नाही, आणि खरं सांगायचं तर ती त्यांना फार सुंदर दिसली. होडी तरंगतेय आणि तिच्या नाळीवर, अगदी पुढच्या टोकाला, अशी पणती आहे, असं काहीतरी त्यांना दिसू लागलं. सुभद्राबाईंनी जेवायला हाक मारली तेव्हा कुठं ते उठले.

महादूनं जाता जाता म्हटलं होतं की तेल हटेनाच तर स्पिरिटनं पुसा. म्हणून मास्तर एसटीनं कुडाळला गेले. आता दिवस दारूबंदीचे. गोवा सुटून फार दिवस झाले नव्हते आणि तिकडून काय काय येई ते सगळ्यांना ठाऊक होतं. औषधवाल्यानं "स्पिरिट" हा शब्द ऐकताच दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांकडे बघून मास्तरांना ओळखत नसल्यासारखं केलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, परवाना आणा.

परवान्याच्या कचेरीत एक साहेब बसले होते. मास्तरांनी मालवणी बाहेर पायताणांपाशी काढून ठेवली आणि शुद्ध मराठीत प्रवेश केला.

"स्पिरिट कशासाठी हवं आपल्याला?"

"होडी पुसण्यासाठी, साहेब."

"होडी पाण्यात असते ना?"

"असते."

"मग पाण्यानं पुसली जात नाही ती?"

मास्तरांनी एपॉक्सी समजावून सांगितली. साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "हे पाहा, परवाच गोव्याच्या हद्दीवर इन्सुलीच्या नाक्यावर एका गृहस्थानं सांगितलं की बाटल्यांतला माल देवाची भांडी घासण्यासाठी आहे. त्या मानानं आपली होडी नवी आहे. पण आपण पिणार नाही याला पुरावा काय?"

मास्तरांचा चेहरा उतरला. ज्या माणसानं जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही त्याला हा प्रश्न! "साहेब," ते म्हणाले, "मी दारूबंदी सप्ताहात भाषण केलेलं आहे."

"भाषणं आम्हीही करतो," साहेब खिन्नपणे म्हणाले, आणि त्या खिन्नतेतच की काय त्यांना दया आली. औषधाच्या बाटलीएवढं स्पिरिट मंजूर झालं, मात्र वापर प्रत्यक्ष पाहण्यासाठी एक हवालदार येईल अशा अटीवर.

हवालदाराचं नाव गंगाराम. तो भर उन्हात सायकल हाणत आला, बाटलीचा वास घेतला, होडीचा घेतला, मास्तरांच्या तोंडाचाही घेऊ का म्हणून अदबीनं विचारून घेतला. मग होडीच्या सावलीत बसून "तुम्ही पुसा, मी बघतो" म्हणाला आणि मास्तर पहिला हात फिरवतात न फिरवतात तोच घोरू लागला. घोरता घोरता मान कलली आणि डोकं नेमकं त्या घासलेल्या, पुसलेल्या, पांढऱ्याशुभ्र लाकडावर टेकलं. गंगाराम डोक्याला माक्याचं तेल लावत असे. सरकारी माणसाला उठवायचं कसं? मास्तर हातात स्पिरिटचा बोळा घेऊन उभे राहिले. उन्हात बोळा वाळून गेला.

गंगाराम गेल्यावर मास्तरांनी उरलेल्या स्पिरिटनं सगळं पुसलं. थेंब पसरला. या खेपेला त्यांनी होडीवर झावळ्या टाकल्या, पाटी उपटून फेकली आणि दिवसभर राखण केली. सकाळी थेंब पुन्हा उभा!

तेव्हा मात्र मास्तर घाबरले. यात काही तरी माणसापलीकडचं आहे असं त्यांना वाटू लागलं. पुढच्या पहाटे, तांबडं फुटता फुटता, ते चुडतांच्या, वाळक्या झावळ्यांच्या, ढिगाआड जाऊन बसले. खाडीवर धुकं होतं. पाणी कुठं संपतं ते दिसत नव्हतं. आणि त्या धुक्यातून हातात वाटी घेऊन, गुडघ्यावर हात दाबत दाबत, सुभद्राबाई आल्या.

त्यांनी झावळ्या बाजूला केल्या. वाटीत बोटं बुडवली आणि उघड्या लाकडाला तेल चोळू लागल्या. लहान मुलाची टाळू भरतात तसं, हलक्या हातानं, काहीतरी पुटपुटत.

"तू?" मास्तर ढिगाआडून उठले. "गो, तू?"

सुभद्राबाई दचकल्या, पण वाटी सोडली नाही.

"मी काय वायट केलंय? तिका कोरडी बघवना नाय माका."

"अगो, पण कित्याक?"

त्यांनी तेलाची बोटं पदराला पुसली. मग खाडीकडे बघत म्हणाल्या, "आमच्या देवबागेत होडी कोरडी खंय रवता, म्हायत आसा? ज्या घरचो माणूस समुद्रातसून परत येणा नाय, थय. त्या घरच्या होडयेक कोण तेल लावणत नाय. वर ओढून ठेवतत, आणि ती सुकत रवता. लहान असताना असल्यो होडयो बघून मी डोळे मिटून पळय. आणि तुमी माझ्या दारात, माझ्या डोळ्यांसमोर, रोज घासून घासून कोरडी करतास! रात्री निजूक येना नाय. वाटता, कायतरी होतला तुमका."

मास्तर होडीपाशी उकिडवे बसले. एवढे दिवस ते इद्रीसभाईंवर रागावले होते, मेस्ताला दुखावून बसले होते, आणि इकडे ही बाई पहाटे उठून त्यांचं आयुष्य वाढावं म्हणून तेल चोळत होती. रागवायचं तरी कुणावर?

"सुभद्रे," ते म्हणाले, आणि हे नाव ते एरवी घेत नसत. "माका एकदाच करूक दी. माझ्या हातान. तुका आपल्या होडयेतून न्हेवचा आसा माका. तेल आसा तंवसर डिंक धरना नाय."

सुभद्राबाईंनी वाटीकडे बघितलं, होडीकडे बघितलं, मास्तरांकडे तर बराच वेळ बघितलं. मग तेलाची वाटी पदराखाली घेतली आणि म्हणाल्या, "बरा."

त्यानंतर मास्तर पेटले. नुसतं भोकाभोवतीचं नाही, आजूबाजूचं तेल पाझरत येईल म्हणून त्यांनी सगळी होडी आतून बाहेरून घासून काढली. आडोसा काढून ती वैशाखाच्या उन्हात ठेवली. होडी हाडासारखी पांढरी झाली. थेंब टाकला की पसरायच्या आतच लाकूड पिऊन टाकी.

आणि मग एकदाचा डिंक कालवला! मास्तरांनी आंघोळ केली, हात साबणानं तीनतीनदा धुतले, लाकडाचं एक सुबक ठिगळ आधीच घासून ठेवलं होतं ते आतून बसवलं. महादू म्हणाला होता दाबून धरा. मास्तरांनी दगड ठेवले, सुंभ आवळलं, तरी ठिगळाचा एक कोपरा वर यायला बघे. कुणाला हाक मारणार? सगळ्या गावाचे हात तेलकट. शेवटी मास्तर स्वतःच होडीत आडवे झाले आणि दोन्ही पाय ठिगळावर रोवून पडून राहिले.

तसा दिवस मास्तरांच्या आयुष्यात दुसरा नाही. वर नुसतं आभाळ. कडेनं दिसणारी माडांची टोकं. होडी जमिनीवर होती, पण मास्तर चालले होते. कुठून कुठं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कधी वाटे देवबाग मागे पडलं, कधी वाटे अजून यायचंय. मध्येच सुभद्राबाई आल्या. हात पाठीमागे धरून लांब उभ्या राहिल्या, न जाणो लागला तर! मग तांब्या लांबवून त्यांनी वरून कोकमाचं सरबत ओतलं आणि मास्तरांनी पडल्या पडल्या तोंड उघडून ते प्यायलं. निम्मं कानात गेलं.

"आज धूर वेळार निघालो," त्या म्हणाल्या.

"आता धूर नको," मास्तर आभाळाकडे बघत म्हणाले. "आता चूल दाखवतंय तुका."

संध्याकाळपर्यंत जोड दगड झाला. आणि चमकू लागला! मास्तरांच्या हातून जन्मात पहिल्यांदाच एखादी चमकणारी वस्तू झाली होती. पण महादूचं आणखी एक सांगणं होतं: बाहेरून दुसरा हात द्यायचा तर पहिल्याची चमक घालवायची, पाण्यानं धुवायचं, खरवडायचं, पुन्हा कोरडं करायचं. चमकेवर डिंक धरत नाही. मास्तरांच्या जिवावर आलं. चमक मोडण्याआधी त्यांनी ती लोकांना दाखवायचं ठरवलं. इद्रीसभाई हात छातीशी बांधून बघायला आले आणि "माशाल्ला, आरसो!" म्हणून गेले. मेस्तसुद्धा वाटेवर रेंगाळला, पण अबोला असल्यामुळं त्याला मत देता आलं नाही. अशी वाहवा घेता घेता दिवस गेले, मग खरवडण्यात गेले, मग दुसरा हात वाळण्यात गेले. होडी उन्हातच होती.

"आयकलास?" एकदा सुभद्राबाई फळ्यांच्या सांध्यांकडे बघत म्हणाल्या. "बाकीच्या फळयेंका वायच..."

"तेलाचा नाव काढू नको!" मास्तर ओरडलेच.

त्या आत निघून गेल्या.

आणि मग आभाळात ढग दिसू लागल्यावर एका सकाळी मास्तरांनी होडी पाण्यात ढकलली. इद्रीसभाईंनी हात लावला, कारण आता लावायला हरकत नव्हती. सुभद्राबाई हिरवं लुगडं नेसून, भावासाठी खाज्याचा पुडा घेऊन, गुडघा धरत होडीत बसल्या. त्यांनी पदराखाली आणखी काहीतरी घेतलं होतं, पण मास्तरांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांचं लक्ष ठिगळावर होतं.

"टिपूस नाय!" मास्तर म्हणाले. "बघ, टिपूस नाय!"

खरंच टिपूस नव्हता. होडी काठापासून सुटली. पाणी इतकं निवांत होतं की वल्ह्याचा आवाज तेवढा येई. देवबाग आज तरंगत नव्हतं, पुढे येत होतं. माड वेगळे दिसू लागले, मग घरं, मग बाबलीच्या घराचं कौल. मास्तर वल्हवत होते आणि त्यांच्या मनात काहीही चाललेलं नव्हतं. जे मनात होतं ते सगळं बाहेर होतं. समोर बायको बसलेली होती, तिच्या तोंडावर पाण्याचा उजेड हलत होता, आणि आपण सुखी आहोत हे त्यांना स्वच्छ कळत होतं.

त्या सुखात त्यांचे पाय भिजले.

त्यांनी खाली बघितलं. ठिगळ कोरडं होतं. पण इकडच्या सांध्यातून, तिकडच्या सांध्यातून, नाळीकडून, पाठीमागून, जिथं जिथं फळीला फळी मिळते तिथून तिथून पाणी शांतपणे आत येत होतं. आणि सुभद्राबाई पदराखालून आणलेल्या डब्यानं ते तितक्याच शांतपणे बाहेर टाकत होत्या. बऱ्याच वेळापासून टाकत असाव्यात.

"वल्हवा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघू नकात. वल्हवा."

मास्तरांनी वल्हवलं. जन्मात वल्हवलं नव्हतं तसं वल्हवलं. देवबागची वाळू हाकेवर आली तेव्हा होडी तोंडापर्यंत भरली, क्षणभर विचार केल्यासारखी थबकली आणि अदबीनं खाली बसली. खाज्याचा पुडा तरंगत पुढे गेला. मास्तर ओरडले, त्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं, हात भलतीकडेच गेले, आणि मग कुणीतरी त्यांना काखेतून धरलं. सुभद्राबाईंनी. ज्या बाईला घराची पायरी उतरताना भिंत लागे ती बाई पाण्यात मासळीगत वळली, एका हातानं मास्तरांना धरलं आणि दुसऱ्यानं पाणी मारत त्यांना उथळाकडे घेऊन आली. पाय वाळूला लागले तेव्हा पाणी गळ्याशी होतं.

काठावर माणसं जमली होती. बाबली तांडेल पोट धरून हसत होता.

"भावजी! होडी खंय आसा?"

"हसतंस कित्याक रे?" सुभद्राबाई पाण्यातूनच कडाडल्या. "माझ्या घोवान माका हाडल्यान! माझ्या दारातसून तुझ्या दारात! तू कधी इलंस न्हेवक?"

बाबलीचं हसू थांबलं. दिवाळीपासून बहीण आली नाही, ती का आली नाही, हे त्यानं विचारलंही नव्हतं. तो खाली मान घालून पाण्यात उतरू लागला.

मास्तर धापा टाकत होते. चष्मा गेला होता, आणि मान वर करायला जागा नव्हती. देवबाग, ज्याच्यासाठी त्यांनी एवढं केलं, ते त्यांना नुसतं हिरवं पुसट दिसत होतं. मग एकाएकी त्यांना काहीतरी सुचलं.

"सुभद्रे, सगळे सांधे सुकान उघडले. तुका म्हायत होता?"

"होय."

"पयल्यापासून?"

"तुमी सगळी घासलास तेवाच. देवबागच्या पोराटोरांकय म्हायत असता ता."

"मगे बसलंस कित्याक होडयेत?"

सुभद्राबाईंनी तोंडावरचे ओले केस मागे सारले.

"तुमी येवचेच होतास. मी नको म्हटलंय असता तर एकटे इलास असतास," त्या म्हणाल्या. "आणि तुमका पोहूक येना नाय."

 मास्तरांनी पाण्याखाली तिचा हात शोधून घट्ट धरला. मग दोघं वाळूकडे चालू लागली. पाणी छातीपर्यंत उतरलं, कमरेपर्यंत उतरलं, हात पाण्याबाहेर आला, आणि समोर पाण्यात मेहुणा होता, काठावर त्याची बायको होती, सगळं देवबाग उभं होतं, तरी मास्तरांनी तो सोडला नाही.